नवीन लीड झालात? साहेबाची नक्कल न करता आपली पद्धत कशी शोधायची

प्रमोशनचं मेल शुक्रवारी येतं आणि सोमवारपासून तुम्ही लीड. पहिला प्रॉब्लेम कामाचा नसतोच, काम येतं म्हणून तर वर घेतलंय, प्रॉब्लेम असतो तो आता वागायचं कसं हा. मग बहुतेक जण काय करतात, डोळ्यासमोर जो शेवटचा साहेब असतो त्याच्यासारखं वागायला लागतात. साहेब मेलमध्ये चार जणांना सीसीत ठेवायचे, आपणही ठेवतो. साहेब मीटिंगमध्ये कुणाचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचे नाहीत, आपणही तोडतो. किंवा बरोब्बर उलटं, साहेब फार खडूस होते म्हणून आपण ठरवतो की आपण सगळ्यांचे मित्र, कुणाला काही बोलायचं नाही, आणि तीन महिन्यांत सगळ्यांची अर्धवट कामं रात्री आपणच करत बसतो. दोन्हीकडे तुमचं वागणं तुमचा जुना साहेबच ठरवतोय, एवढं लक्षात घ्या.

तुम्ही हिंजवडीत मॉड्यूल लीड असा, चाकणला लाइनवर नवे सुपरवायझर असा, नाहीतर ढोलपथकात यंदा पहिल्यांदाच एका रांगेची जबाबदारी आलेली असो, गोष्ट साधारण सारखीच असते. माझं मत आधीच सांगून टाकतो: आपली पद्धत डोळे मिटून बसून सापडत नाही, आणि त्या 'तुम्ही वाघ आहात की घुबड' टाइप ऑनलाइन टेस्टमधून तर अजिबात सापडत नाही. ती तुम्ही आत्तापर्यंत वापरत आलेलाच असता, फक्त तेव्हा तुमच्याकडे पद नव्हतं म्हणून कुणी तिला लीडरशिप म्हटलं नाही. तेव्हा शोधायचं मागे जाऊन.

पहिली पायरी: पंधरा दिवस कशालाही हात लावू नका

नवीन लीड आला की नवीन एक्सेल शीट येते, नवीन स्टँडअपची, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगची, वेळ येते, नवीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप येतो. हे सगळं थांबवा. काही पेटलेलं असेल तर विझवा, बाकी बघत राहा. कोण कुणाला विचारतं, कुठला निर्णय कुणाच्या टेबलावर अडकतो, चहाला कोण कुणाबरोबर जातं. बास, ह्या पायरीत एवढंच.

दुसरी पायरी: बिनपदाचे प्रसंग लिहून काढा

एक वही घ्या, मोबाइलमध्ये नको, वहीच. त्यात असे चार-पाच प्रसंग लिहा जिथे तुम्ही काहीतरी चालवलं आणि तुम्हांला कुणी नेमलं नव्हतं. सोसायटीचा गणपती, कॉलेजचं गॅदरिंग, पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेचं बॅकस्टेज, राजगडचा ट्रेक जिथे दोघांचे पाय दुखायला लागले आणि अंधार पडत होता, चुलत बहिणीच्या लग्नात केटरर आलाच नाही तेव्हा. ऑफिसमधले प्रसंग मुद्दाम मागे ठेवा, ऑफिसात आपण सगळेच थोडे इस्त्री केलेले असतो.

प्रत्येक प्रसंगाखाली उत्तरं लिहा. मी सगळ्यात आधी काय केलं, यादी केली, फोन लावले, की स्वतःच उचलून करायला लागलो? निर्णय घ्यायच्या आधी कुणाला विचारलं, की कुणालाच नाही? लोक माझ्याकडे नेमकं काय घेऊन येत होते, पैशाचा हिशोब, भांडण, की 'आता पुढे काय' हा प्रश्न? कशात मजा आली, आणि काय करून जीव दमला? शेवटचा प्रश्न टाळू नका, तो सगळ्यात कामाचा आहे. समजा तुमच्या चारही प्रसंगांत तुम्ही भांडणं मिटवलीत आणि चारही वेळा घरी येऊन तुमचं डोकं दुखलं, तर भांडणं मिटवणं हे तुम्हांला जमतं पण ते तुमचं बलस्थान म्हणून रोज वापरायला काढू नका, महिन्याभरात तुम्हीच खलास व्हाल.

हे लिहिताना एक गंमत दिसेल. ज्याला आपण 'मी शांत आहे, मला लीड करता येत नाही' असं म्हणत आलो तोच माणूस ट्रेकला सगळ्यांत मागे चालत होता, शेवटच्या भिडूच्या बरोबरीने, आणि कुणीही चुकलं नाही. ती पद्धतच आहे ना! पुढे उभं राहून ओरडणं ही एकच पद्धत असती तर पुण्यात आत्तापर्यंत काहीच उभं राहिलं नसतं.

त्यावरून आठवलं म्हणून सांगतो, कारण उदाहरण आपल्याच गावातलं आहे. लोकमान्य टिळक ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे, ती सोसायटी त्यांनी १८९० मध्ये सोडली, आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला धोंडो केशव कर्वे आले. कॉलेज तेच, विषय तोच, आणि दोन माणसं बघा. टिळकांनी १८९३ पासून गणेशोत्सव सार्वजनिक करायला जोर लावला, केसरीतून सरकारला अंगावर घेतलं, गर्दीशी बोलणं हा त्यांचा प्रांत. कर्व्यांकडे ते वक्तृत्व नव्हतं. त्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला नेला, तिथून पायी कॉलेजला यायचे, शिकवायचे, वर्गणी गोळा करायचे, परत पायी जायचे, आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं. ह्या माणसाने जर ठरवलं असतं की मलाही मांडवात गर्जना करायला हवी, तर ना गर्जना झाली असती ना आश्रम. आणि टिळक तरी एकाच सुरात कुठे होते, गर्दीसमोर एक आवाज आणि मंडालेच्या तुरुंगात वर्षानुवर्षं बसून ग्रंथ लिहिणारा माणूसही तोच. टिळकांचं हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिसरी पायरी: दुसऱ्यांना विचारा, पण प्रश्न नीट विचारा

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम ह्या दोघांनी १९५५ मध्ये 'जोहारी विंडो' म्हणून एक चौकट मांडली, एचआरच्या ट्रेनिंगमध्ये तुम्ही बघितली असेल, चार खाने असतात. त्यातला आपल्या कामाचा खाना एकच: जे दुसऱ्यांना दिसतं आणि आपल्याला दिसत नाही. तो खाना स्वतः विचार करून भरत नाही, म्हणून विचारावं लागतं.

पुणेकर स्पष्ट बोलतात असं म्हणतात, पाटीवर बोलतातच, पण आपल्या लीडच्या तोंडावर कुणी बोलत नाही हो. 'मी लीड म्हणून कसा वाटतो?' असं विचारलंत की 'छान आहात सर' हेच येणार. म्हणून प्रश्न बारीक करायचा. 'गेल्या महिन्यात माझ्यामुळे तुझं काम कधी अडलं?' किंवा 'मी मीटिंगमध्ये असलो की कुठला विषय कुणी काढत नाही?' किंवा 'मी रजेवर असलो की काय बरं चालतं?' हा शेवटचा जरा बोचतो पण विचाराच.

कुणाला विचारायचं? एक जुना सहकारी जो आता दुसऱ्या कंपनीत आहे, त्याला तुमच्याकडून काही नको आहे. एक घरातला माणूस. आणि टीममधला एक, पण जो तुमचा खास मित्र आहे तो सोडून. उत्तर ऐकताना 'नाही पण त्याचं काय झालं होतं' हे वाक्य आलं की समजा तुम्ही खुलासा द्यायला लागलात, आणि समोरचा पुन्हा कधी खरं सांगणार नाही. फक्त लिहून घ्या, थँक्यू म्हणा, चहाचे पैसे तुम्ही द्या.

चौथी पायरी: थोडी थिअरी, जास्त नाही

स्टाइलची नावं माहीत असलेली बरी, नाहीतर ट्रेनिंगमध्ये कुणीही काहीही खपवतं. १९३९ मध्ये अमेरिकेत कर्ट लेविन हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी दहाएक वर्षांच्या मुलांच्या हस्तकलेच्या क्लबांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही ठिकाणी मोठा माणूस हुकूम सोडायचा, काही ठिकाणी मुलांना बरोबर घेऊन ठरवायचा, काही ठिकाणी नुसता बसून राहायचा. हुकूमवाल्या गटात काम भरपूर निघालं, पण तो माणूस खोलीबाहेर गेला की हात थांबायचे. बरोबर घेणाऱ्या गटात तो बाहेर गेला तरी काम चालू. नुसता बसणाऱ्याकडे सगळाच सावळागोंधळ. नुसतं बसून राहण्याला आजकाल 'मी टीमला फ्रीडम देतो' असं म्हणतात, ते वेगळं.

पुढे १९६९ मध्ये हर्सी आणि ब्लँचर्ड ह्या मॅनेजमेंटच्या अभ्यासकांनी वेगळा मुद्दा मांडला, की स्टाइल समोरच्यावर ठरते. नवीन जॉइनर आहे, त्याला काय करायचं, कसं करायचं, कधीपर्यंत, सगळं सांगा. दहा वर्षं मशिनवर काढलेल्या माणसाला तसंच सांगाल तर तो अपमान समजेल, आणि बरोबरच समजेल. २००० मध्ये डॅनियल गोलमनने सहा स्टाइल्स सांगितल्या आणि त्यातही सूर हाच होता की चांगले लीडर एकीवर अडून बसत नाहीत.

मग 'माझी' स्टाइल म्हणजे काय उरलं? इथेच बहुतेक नवीन लोकांचा घोटाळा होतो, म्हणून पुढची पायरी नीट वाचा.

पाचवी पायरी: न हलणारं काय आणि हलणारं काय, वेगळं करा

वहीच्या नवीन पानावर फक्त तीन वाक्यं. जी कुठल्याही परिस्थितीत, क्लायंट ओरडत असला तरी, तुम्ही मोडणार नाही. 'कंपनीची मूल्यं' टाइप शब्द नको, वागण्यातली वाक्यं हवीत. उदाहरणार्थ: ज्याने काम केलं त्याचं नाव वर जाताना मी खाणार नाही. वाईट बातमी टीमला माझ्याकडूनच आधी कळेल, कॉरिडॉरमधून नाही. कुणालाही चार लोकांत झापणार नाही. तुमची वेगळी असतील, दुसऱ्या पायरीतले प्रसंग परत वाचलेत की सापडतील, जिथे तुम्हांला राग आला होता तिथे बहुतेक असतात.

ही तीन सोडून बाकी सगळं हलणारं. आवाज किती मोठा, किती वेळा फॉलोअप, मेल की फोन, आधी विचारायचं की आधी ठरवायचं, हे सगळं माणूस बघून आणि वेळ बघून बदलायचं आणि त्यात खोटेपणा काही नाही, गर्दीसमोरचे आणि मंडालेतले टिळक आठवा.

कारण 'मी असाच आहे' हे वाक्य फार सोयीचं आहे. हर्मिनिया इबारा म्हणून लीडरशिपवर काम करणाऱ्या प्राध्यापक आहेत, त्यांनी २०१५ मध्ये हाच मुद्दा मांडला, की 'खरं राहणं' म्हणजे 'आज आहे तसंच राहणं' असं धरून बसलं की माणूस नव्या जबाबदारीत वाढतच नाही, आणि सुरुवातीला नवीन वागणं खोटं वाटणारच. आपल्याकडे ह्याचा देशी अवतार म्हणजे 'मी स्पष्टवक्ता आहे'. एक साधी चाचणी सांगतो, तुमच्या ह्या 'खरेपणा'ची किंमत प्रत्येक वेळी दुसराच मोजत असेल, तर तो खरेपणा नाही, आळस आहे.

सहावी पायरी: तुमच्या स्वभावाची वाक्यं तयार ठेवा

ही पायरी सगळ्यात मोठी कारण रोजचं सगळं इथेच घडतं. पद्धत म्हणजे शेवटी काय, अवघड क्षणी तोंडातून येणारं पहिलं वाक्य. ते आधी ठरवलेलं नसलं की जुन्या साहेबाचं वाक्य बाहेर येतं, गॅरंटी.

सगळ्यात आधी तो मित्र, जो कालपर्यंत बाजूच्या डेस्कवर होता आणि आता त्याचं अप्रेझल तुमच्याकडे आलंय. काही लोक एकदम त्याला 'तुम्ही' म्हणायला लागतात, प्लीज असं करू नका, हसं होतं. अरे-तुरे तसंच ठेवा, पण पहिल्या आठवड्यात त्याला अमृततुल्यला न्या आणि सरळ बोला: 'बघ, आता रेटिंग माझ्याकडे येणार, दोघांनाही जरा विचित्र वाटणारे. मी तुला झुकतं माप देणार नाही, आणि लोकांना दाखवायला म्हणून कमीही देणार नाही. काही खटकलं तर मला बाहेर बोलावून सांग.' दोन मिनिटांचं बोलणं आहे, न बोललात तर वर्षभर कुढत बसाल दोघंही.

दुसरे म्हणजे वयाने मोठे. चाकण-भोसरीला हे हमखास, तुम्ही सव्वीसचे आणि लाइनवरचे काका बावन्नचे. काकांना काकाच म्हणा, 'तुम्ही'च म्हणा, त्याने अधिकार कमी होत नाही. पण काकांना मान द्यायचा म्हणून काम सांगायचंच नाही हा दुसरा टोकाचा प्रकार. 'काका, ह्या मशिनचं तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण नापास होणारे पार्ट वाढलेत हे तर दिसतंय ना. पाच वाजता मला क्वालिटीला उत्तर द्यायचंय, काय करूया सांगा.' ह्यात मान आहे, आकडा आहे, वेळ आहे, आणि जबाबदारी दोघांची आहे. ते जे सांगतील ते करायचं नसेल तर 'ह्या वेळी माझ्या पद्धतीने करून बघू, नाही जमलं तर जबाबदारी माझी' असं त्यांच्यासमोरच म्हणायचं.

आता तुमचा स्वभाव. तुम्ही कमी बोलणारे असाल तर मीटिंगमध्ये बोलके व्हायची अ‍ॅक्टिंग करू नका, अजेंडा आदल्या दिवशी लिहून पाठवा, आणि कुणी अचानक निर्णय मागितला तर म्हणा 'मला विचार करायला वेळ लागतो, उद्या अकराला सांगतो', आणि अकराला सांगा, सव्वाअकराला नाही. हे तीन-चार वेळा झालं की तुमच्या गप्प राहण्याला वजन येतं, नाहीतर लोक त्याला 'ह्यांना काही कळत नाही' असं धरतात.

खूप बोलणारे असाल तर एकच नियम, स्वतःचं मत सगळ्यात शेवटी सांगायचं. लीडने आधी सांगितलं की बाकीचे 'हो बरोबर' एवढंच म्हणतात, आणि मग तुम्हांला वाटतं टीममध्ये किती एकमत आहे!

चटकन चिडणारे असाल तर ते लपवायच्या भानगडीत पडू नका, चेहऱ्यावर दिसतंच. 'मी आत्ता चिडलोय, दहा मिनिटांनी बोलू' हे म्हणणं जास्त प्रामाणिक, आणि दहा मिनिटांनी खरंच बोला. रात्री अकरा वाजता ग्रुपवर टाकलेला मेसेज मात्र प्रामाणिक वगैरे काही नसतो.

मऊ असाल, म्हणजे नाही म्हणता येत नाही, तर वाईट बातमीची पहिली दोन वाक्यं कागदावर लिहून न्या. 'तुझं काम ह्या क्वार्टरला कमी पडलं. कुठे ते मी सांगतो, मग तुझं ऐकतो.' प्रस्तावना नको, 'तू खूप मेहनती आहेस पण' नको. मऊ लोक प्रस्तावनेत इतकं गोड बोलतात की समोरच्याला वाटतं आपलं प्रमोशन झालं. बाकीचं बोलणं तुमच्या मऊपणानेच करा, तिथे तो उपयोगीच पडतो.

आणि एक गोष्ट बायकांसाठी, कारण ती वेगळी आहे आणि कुणी सांगत नाही. जे वाक्य पुरुष लीड बोलला की 'स्ट्रिक्ट आहेत', तेच तुम्ही बोललात की 'फारच कडक बाई आहे'. म्हणून फीडबॅक आला की तुमचा स्वर फार आहे, तर लगेच स्वर बदलायला धावू नका, आधी विचारा 'कुठलं वाक्य?' नेमकं वाक्य सांगता आलं तर ऐका, विचार करा. नाही सांगता आलं तर सोडून द्या.

सातवी पायरी: आणीबाणीत स्टाइल-बिइल नाही, पण आधी सांगून ठेवा

ढोलपथक बघा. नदीपात्रात सराव चालू असतो तेव्हा कुणाचं टिपरू कुठे चुकतंय ह्यावर तासभर चर्चा चालते, नवीन पोरंही बोलतात. लक्ष्मी रस्त्यावर मिरवणुकीत मात्र इशारा झाला की ठेका बदलायचा, तिथे कुणी मत विचारत नाही आणि कुणाला राग येत नाही, कारण हे आधीपासून सगळ्यांना माहीत असतं. तुमच्या टीमला हेच माहीत हवं. रात्री दोनला सर्व्हर पडला किंवा प्रेसजवळ कुणाला लागलं, तर मी छोटी वाक्यं बोलणार, नाव घेऊन सांगणार, 'प्लीज' राहून जाईल. हे शांत दिवशी सांगून ठेवा. आणि दुसऱ्या दिवशी बसून, का तसं ठरवलं ते सांगा, त्यांना काय वेगळं दिसलं ते ऐका. हा दुसऱ्या दिवसाचा भाग गाळणारे लोक रोजच आणीबाणी असल्यासारखे वागायला लागतात.

आठवी पायरी: जमतंय की नाही कसं कळणार

मॅनेजमेंटवर लिहिणाऱ्या पीटर ड्रकरची एक जुनी युक्ती आहे, महत्त्वाचा निर्णय घेतला की काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवायचं आणि नऊ-बारा महिन्यांनी उघडून बघायचं. वही आहेच, त्यातच लिहा. पण वर्षभर थांबायची गरज नाही, दोन खुणा लवकर दिसतात. एक, वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर येते. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी कळतंय म्हणजे लोक घाबरतात, मग केबिनचं दार कितीही उघडं ठेवा. दोन, तुम्ही चार दिवस फोन बंद करून कोकणात जाऊन आलात तर काय अडलं. सगळंच अडलं तर वाईट, आणि काहीच अडलं नाही तर घाबरू नका, ते चांगलं आहे.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत ह्या खुणा कमी-जास्त होतात, त्यावरून लगेच पद्धत बदलू नका. सहा महिने द्या. त्यातही ती तीन न हलणारी वाक्यं जर दर आठवड्याला मोडावी लागत असतील, म्हणजे वरून दबाव येतोय की दुसऱ्याचं नाव खा, टीमला खोटं सांग, तर प्रश्न तुमच्या स्टाइलचा नाही, जागेचा आहे, आणि त्यावर कुठलंही ट्रेनिंग चालणार नाही, सीव्ही अपडेट करायला घ्या.

आणि सहा महिन्यांनी असंही कळू शकतं की हे सगळं जमतंय पण मला करायचंच नाहीये, मला कोड लिहायचाय, मला डाय डिझाइन करायचीय. तेही चालतं. बऱ्याच कंपन्यांत टेक्निकल बाजूने वर जायचा वेगळा रस्ता असतो, आर्किटेक्ट, स्पेशालिस्ट वगैरे. फक्त ते अप्रेझल सायकल सुरू व्हायच्या आधी मॅनेजरशी बोला, पत्रं निघाल्यावर बोललात तर पुढचं वर्ष तसंच जातं.